खोटा निरोप

अपराधी कोण, हे ठरवायला माणसाला फार वेळ लागत नाही. अपराध घडला कसा, हे पाहायला मात्र त्याला सवड नसते. शाळेत वीस-बावीस वर्षे मुलांची भांडणे सोडविल्यावर आणि दोन-चार कादंबऱ्यांतून बऱ्यावाईट माणसांच्या मनात शिरण्याचा खटाटोप केल्यावर माझ्यापुरता एक प्रश्न शिल्लक राहिला आहे. एखाद्याने मिळालेल्या निरोपाबरहुकूम आपले काम चोख बजावले, आणि तो निरोपच खोटा होता, तर जे विपरीत घडले त्याचे माप कोणाच्या पदरात घालावे? प्रश्न नवा नाही. पण वाचकांनी क्षमा करावी, मी तो एका तेलकट पेटीवरून मांडणार आहे.

ही पेटी म्हणजे जुन्या मोटारीतली आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. मी स्वतः मोटार बाळगून नाही. मॅट्रिकनंतर चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झालेल्या माणसाला आधी सायकल आणि मग स्कूटर, एवढीच वाहने लाभली. परंतु माझा एक मावसभाऊ अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. स्वतःच्या जन्माआधीची, १९७१ सालची एक अमेरिकन गाडी त्याने हौसेने सांभाळली आहे. गेल्या वर्षी ही गाडी गिअर बदलताना हिसका देऊ लागली. मागच्या सीटवरची पिशवी खाली पडावी असा हिसका. तिथल्या एका गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि निकाल दिला, की पेटी गेली, उतरवून सगळी खोलावी लागेल. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास. भावाने तो निकाल मान्य केला नाही. पुढचे दोन महिने दर रविवारी तो मला फोनवर त्या पेटीचे पुराण ऐकवी आणि मी वहीत तिची चित्रे काढीत बसे. त्याने पाठविलेले दुरुस्तीचे जाडजूड पुस्तक मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. एखाद्या रहस्यकथेत रंगावे तसा रंगलो, म्हणा ना.

जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ नावाची अशी पेटी ओल्डस्मोबिल गाडीतून बाजारात आणली, तेव्हापासून ‘आपोआप’ हा शब्द तिला चिकटला आहे. मला तो शब्द तितकासा पटत नाही. आपोआप काहीच होत नसते. कोणीतरी कोणाला तरी काहीतरी कळवीत असते. आपण गिअर टाकतो तेव्हा इंजिनाचा आवाज कानाने ऐकतो, पुढचा चढ डोळ्यांनी पाहतो. पेटीला कान नाहीत, डोळे नाहीत. तिच्यापाशी आहे ते तेल. पंपाने दाबलेले हे तेल बारीक वाटांनी फिरते, झडपा सरकविते आणि क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळते. कोणत्या क्षणी, किती जोराने आवळायच्या, हे ठरविण्यासाठी तिला दोन गोष्टी कळाव्या लागतात. गाडीचा वेग किती, ही एक. आणि इंजिनावर ओझे किती, ही दुसरी. वेग तिला गरगर फिरणारी वजने सांगतात. ओझ्याची वार्ता, त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत, एक रबराची नळी आणते.

नळीचे काम मजेचे आहे. इंजिन हवा आत ओढते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असला म्हणजे हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते, आणि त्यामुळे आत ओढ जबर निर्माण होते. पाय पूर्ण दाबला की वाट मोकळी होते व ओढ नाहीशी होते. ही ओढ नळीतून पेटीच्या अंगाला बसविलेल्या एका छोट्या डबीपर्यंत पोचते. डबीत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग. ओढ असली की पडदा स्प्रिंगला मागे धरतो. पेटी समजते, ओझे हलके आहे, गिअर लवकर आणि मऊपणाने बदलू. ओढ गेली की स्प्रिंग पुढे येते. पेटी समजते, ओझे भारी आहे. मग ती तेलाचा दाब चढविते आणि गिअर उशिरा, आवळून बदलते.

आता ही नळी पन्नास वर्षे इंजिनाच्या आचेत राहून तडकली तर? तडीतून हवा शिरते आणि ओढ वाटेतच विरते. गाडी सपाट रस्त्यावर संथ चालली आहे, मालक गाणे गुणगुणत आहे, आणि पेटीला मात्र निरोप मिळतो, ‘चढ लागला आहे, जोर कर!’ ती बिचारी जोर करते. चकत्या कडकडून आवळते. गाडीला हिसका बसतो. आतली एकूण एक झडप त्या क्षणी अगदी बरोबर वागलेली असते.

मराठी माणसाला इथे ‘ध’चा ‘मा’ आठवल्यावाचून राहणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे कोणी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. ती खरी की लोकांनी मागाहून रचलेली, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे की तलवार गारद्यांच्या हातात होती, तरी रामशास्त्री प्रभुणे तलवारीपाशी थांबले नाहीत. निरोप कुठून निघाला, याचा माग काढीत ते राघोबादादांपर्यंत गेले. गॅरेजवाला तलवारीपाशी थांबला होता.

चांगला मिस्त्री संशयाला क्रम लावतो. जे बाहेर आहे, स्वस्त आहे, हात न मळविता तपासता येते, ते आधी. सगळ्यांत पहिले तेल. गाडी सपाट जागी, चालून गरम झालेली, इंजिन सुरू. मग पट्टी पुसून पुन्हा घालायची आणि काढून पाहायची. तेल कमी असेल तर पंप हवा गिळतो. जास्त असेल तर फिरत्या भागांत घुसळून त्याला फेस येतो. दोन्हीकडून दाब डळमळतो. मग रंग आणि वास. नवे तेल बहुधा लालचुटूक असते; काळे पडून करपल्याचा वास मारू लागले तर आतल्या चकत्या जळत आहेत असे समजावे. भावाच्या गाडीचे तेल थोडे तपकिरीकडे झुकलेले होते, पण करपट वास नव्हता. आरोपीच्या बाजूने हा पहिला पुरावा. त्यानंतर शेजारीपाजारी. इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसते ती फाटली तरी धक्का बसतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला तरी बसतो. नुसते उभ्या गाडीचे इंजिन जास्त वेगाने फिरत असले तरी गिअर टाकताच ठोका बसतो. नाव सगळ्यांत पेटीचेच होते, कारण ठोका तिच्या दिशेने ऐकू येतो.

आणि मग नळी. इंजिन सुरू ठेवून तिचे डबीकडचे टोक काढायचे आणि त्यावर बोट धरायचे. बोट ओढले गेले पाहिजे. भावाचे बोट जेमतेम ओढले गेले. नळीत तेलाचा थेंबही नव्हता, हे त्याने मुद्दाम पाहिले. कारण डबीतला पडदा फाटला असता तर इंजिनाने नळीवाटे पेटीचे तेलच पिऊन टाकले असते आणि धुराड्यातून पांढरा धूर काढला असता, जमिनीवर एक थेंब न सांडता. तड सापडली ती इंजिनाकडच्या वळणावर, खालच्या अंगाला, दिसणार नाही अशी. नव्या नळीला एका वेळच्या चहा-फराळाइतका खर्च आला.

इथवर सारे सरळ आहे. माझ्या मनात घर करून राहिली ती पुढची गोष्ट. काही पेट्यांत नळीऐवजी अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली एक तार हाच निरोप पोचविते. ही तार जरा सैल बसविली गेली तर पेटीला उलटा खोटेपणा ऐकावा लागतो: ओझे भारी असताना हलके असल्याचा. मग दाब चढत नाही. गिअर लवकर बदलतात, आणि इतके अलगद, की बसणाऱ्याला वाटावे, काय लोण्यासारखी गाडी आहे! त्या लोण्यात चकत्या एकमेकींवर घसरत असतात, तापत असतात, जळत असतात. मालकाला ते कळते तेव्हा पेटी खरोखरच गेलेली असते. ज्या गाडीचा हिसका सर्वांना दिसतो तिला वैद्य मिळतो. जी गुळगुळीत चालते तिच्याकडे कोण पाहणार?

असे दोन निरोप घेऊन येणारी मुले मी दरवर्षी पाहतो. एक मुलगा होता, आठवीतला, आडदांड. साधा ‘इकडे ये’ म्हटले तरी अंगावर आल्यासारखा येई. शिक्षकांच्या खोलीत त्याचा निकाल केव्हाच लागला होता. घरी त्याचा चुलता त्याला रोज एकच गोष्ट सांगे, की शाळेतले सगळे तुझ्या बापाच्या कर्जावरून तुला हसतात. कोणी हसत नव्हते. बहुतेकांना त्या कर्जाची खबरही नव्हती. पण त्याला सपाट रस्त्यावर चढ लागलेला होता. दुसरी एक मुलगी, नववीत माझ्या वर्गात आलेली. वह्या मोत्यासारख्या अक्षरांच्या, आणि मागच्या सर्व इयत्तांच्या प्रगतिपुस्तकांत ‘उत्तम’, ‘उत्तम’. तिला धड्यातला एक परिच्छेद वाचून त्यात काय म्हटले आहे ते सांगता येईना. ती फळ्यावरचे उतरवून घेण्यात पटाईत झाली होती. सर्व काही ठीक आहे, हे तिला इतक्या वर्षांत इतक्या प्रेमाने कळविण्यात आले होते की तिने कधी जोर करूनच पाहिला नव्हता. दोघांतून कोणाविषयी अधिक वाईट वाटावे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तक्रार मात्र सगळ्यांची मुलाविषयीच होती.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, मग जगात दोषी कोणीच नाही. ज्याने त्याने नळीकडे बोट दाखवावे. तसे मी म्हणत नाही. पेटीपुढे एकच नळी असते. दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करून घ्यायची तिला सोय नाही. माणसाला ती आहे. गारद्यांनी निरोप खरा मानला असे धरले, तरी समोर निःशस्त्र पोर पाहून हात थांबविणे त्यांना अशक्य नव्हते. अलीकडच्या, संगणकाने चालणाऱ्या पेट्यांनाही ही सोय थोडी मिळाली आहे. एका बाजूचा निरोप दुसऱ्याशी जुळत नाही असे दिसले की संगणक अंदाज बांधणे सोडून देतो, बहुधा एकाच गिअरात गाडी अडकवून ठेवतो आणि समोर दिवा लावतो. गाडी रखडत घरी पोचते. शंका आली असता काय करावे, याचा विचार जुन्या कारागिरांनीही केलेला होता: नळी तुटली तर पेटीने ओझे भारीच समजावे, अशी त्यांनी त्या स्प्रिंगची रचना केली. गाडी हिसके देईल, पण जळणार नाही. खोटे ऐकायचेच तर कोणते ऐकलेले कमी वाईट, हे त्यांनी १९७१ च्याही आधी कागदावर ठरवून टाकले होते. आपण मुलांच्या बाबतीत हे कधी ठरविले आहे असे मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. खोट्या निरोपावर पेटी वर्षानुवर्षे आदळत राहिली तर बैठकी फाटतात, सांधे झिजतात, शेवटी तिच्याही अंगाला इजा होते. मग ती खोलणाऱ्या मिस्त्रीला आत खराबी सापडतेच, आणि पहिला उतावळा निकाल जणू खरा ठरतो. तोपर्यंत नळी कोणीतरी काढून फेकूनही दिलेली असते. त्या आडदांड मुलाने पुढे दहावीत एकाचे डोके फोडले, तेव्हा ‘आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. फुटलेले डोके तर खरेच होते. त्याचा दोष त्याला द्यावाच लागला, मुख्याध्यापकांनी दिला, आणि मीही त्याला विरोध केला नाही. चुलत्याला कोणी बोलावले नाही.

भावाची गाडी आता बरी चालते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरावर जाताना थोडी ठेच अजून लागते. दाबाचा धक्का पोटात घेणारा एक लहान दट्ट्या आत असतो, त्याची स्प्रिंग थकली असावी असा त्याचा तर्क आहे. तेवढ्यासाठी पेटी खोलायचा त्याचा विचार नाही.