‘जैसे थे’ कोणाचं?

१८ फेब्रुवारी २०१४ च्या दुपारी मी दिलसुखनगरच्या बस डेपोजवळ एका टीव्हीच्या दुकानाबाहेर उभी होते. आत ओळीने मांडलेल्या सगळ्या पडद्यांवर लोकसभा दिसत होती आणि एकाएकी दिसेनाशी झाली. आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक मताला यायच्या सुमारासच थेट प्रक्षेपण बंद पडलं होतं. फूटपाथवर कोचिंग क्लासची मुलं, भाजीवाल्या, डेपोतले कंडक्टर सगळे त्या रिकाम्या पडद्यांकडे बघत थांबले. मग विधेयक मंजूर झाल्याची बातमी आली. गुलाबी रंग उधळला गेला, मोटारसायकलींचे हॉर्न सुरू झाले आणि एका मुलाने माझ्या हातावर पेढा ठेवला.

माझ्याबरोबर शेजारीण होती. गुंटूरकडची, नवऱ्याच्या बदलीने इथे आली त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. तिनेही पेढा घेतला आणि घरी येता येता एवढंच म्हणाली, “मनल्नि एवरू अडगलेदु, अक्का.” आपल्याला कुणी विचारलंच नाही.

तेलंगण व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आजही त्यात फरक नाही. पण तिचं ते वाक्य त्या दिवसापासून माझ्याकडे राहिलं. तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मत म्हणजे काय, ते मुलांना तोंडपाठ यायचं. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, किती जण ‘हो’ म्हणाले म्हणजे ‘हो’ धरायचं, हे कोण ठरवतं, असं मात्र त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

आमच्या घराला हा प्रश्न नवा नाही. आजोबा परभणी जिल्ह्यातून उस्मानिया विद्यापीठात शिकायला आले. तेव्हा तिथलं शिक्षण उर्दूतून होतं. सरकारी नोकरी लागली आणि ते हैदराबादचेच झाले. निजामाच्या राज्यात साधारण चौथा हिस्सा लोक मराठी होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्यांचे. १ नोव्हेंबर १९५६ ला हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. त्या दिवसापासून आजोबा आणि परभणीचे त्यांचे सख्खे भाऊ दोन वेगळ्या राज्यांचे रहिवासी झाले. नंतर धाकटे आजोबा महाराष्ट्राचे झाले, आम्ही तेलंगणाचे. दोन्ही घरं हलली नाहीत, राज्यंच बदलत गेली. यातल्या एकाही वेळी कुणी दारावर येऊन ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं नाही.

विचारलं जाण्याची शक्यता एकदा खरोखर होती. जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य असेल. पुढे माउंटबॅटन यांनी सार्वमताची सूचना केली. निजामाला ती मानवली नाही. लोकांना विचारण्याजोगा हा विषयच नाही, अशी त्याची भूमिका होती. १९४८ च्या जूनमध्ये, वाटाघाटी मोडण्याआधीच्या मसुद्यातही सार्वमताची तरतूद होती. तीही गेली. सप्टेंबरात ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारताच्या फौजा आल्या, पाच दिवसांत राज्य पडलं आणि सार्वमताची गोष्ट मागे राहिली ती राहिलीच.

मधल्या काळात, २९ नोव्हेंबर १९४७ ला, निजाम आणि भारत सरकार यांच्यात वर्षभरासाठी एक करार झाला होता. मराठीत त्याला ‘जैसे थे करार’ म्हणतात. लहानपणी हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकला तेव्हा तो मला एखाद्या म्हणीसारखा वाटला होता. आता वाटतं, सार्वमताचं सगळं राजकारण या दोन शब्दांत आहे. जैसे थे म्हणजे कसे थे? निजामाच्या मते जैसे थे म्हणजे आसफजाही गादी आणि तिची इच्छा. दिल्लीच्या मते जैसे थे म्हणजे इंग्रजांच्या वेळचा संबंध, ज्यात हैदराबाद स्वतंत्र नव्हतंच. वाद असा होता की लोकांनी काहीच न सांगितल्यास काय चालू राहायचं. ज्याचं ‘जैसे थे’ मान्य होतं, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. सगळं ओझं समोरच्याच्या डोक्यावर जातं.

१९४८ मध्ये सार्वमत घ्यायला हवं होतं का? मला वाटतं, हवं होतं. पण ते कसं झालं असतं हेही पाहिलं पाहिजे. प्रौढ मतदारांच्या याद्याच तिथे नव्हत्या. निजामाच्या सुधारणांनुसार कायदेमंडळात प्रतिनिधित्व गावा-तालुक्यावर न देता व्यवसायांवर ठरवलेलं होतं आणि हिंदू-मुसलमानांना समान जागा होत्या. लोकसंख्येत हिंदू पाचांत चारांहून अधिक असताना. स्टेट काँग्रेसने १९४६ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला तो याच कारणाने. त्या निवडणुकीच्या यादीवर सार्वमत घेतलं असतं तर उत्तर एक आलं असतं, एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं असतं तर दुसरंच. आणि गावोगाव निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार फिरत असताना मतपेटीपर्यंत कोण गेलं असतं? पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात उस्मानाबाद-नांदेडकडे मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे. भीती पक्ष बदलून आली होती. त्या भीतीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मी खरं मानलं नसतं.

जुनागढ संस्थानात फेब्रुवारी १९४८ मध्ये विचारलं गेलं. एकूण १,९०,८७० मतं पडली, त्यांतली पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१. निकालाबद्दल मला शंका नाही, पण त्या ९१ जणांचा विचार मनातून जात नाही. नवाब पळून गेलेला, कारभार भारताच्या हातात, निकाल कुठे जाणार हे साऱ्या गावाला ठाऊक. तरीही ते रांगेत उभे राहिले आणि आपल्याला हवी त्या पेटीत चिठ्ठी टाकून आले. हैदराबादेत तसे किती निघाले असते, विरुद्ध बाजूचे किती, हे आता कधीच कळणार नाही. कौल काय आला असता याचा आपण अंदाज करतो. प्रत्यक्ष मोजणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण मोजल्यावर हरलेल्यांनाही एक आकडा मिळतो.

गोव्यात तो मिळाला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा मराठी माणसाच्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रसंग आहे असं मला वाटतं, आणि आपण त्याकडे अजून पराभव म्हणूनच बघतो. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं मिळाली, वेगळं राहण्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्याआधी १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा झेंडा घेऊनच सत्तेवर आला होता. आमदारांच्या मतांवर प्रश्न सुटला असता तर गोवा महाराष्ट्रात आला असता. विलीनीकरणाच्या विरोधातले नेते जॅक सिक्वेरा यांनी नेमकं हेच ओळखलं आणि लोकांना थेट विचारा म्हणून आग्रह धरला. संसदेने खास कायदा केला, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी राजीनामा दिला, कौल झाला आणि उत्तर बदललं. त्यानंतर दोनच महिन्यांत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. यात गोवेकरांचा गोंधळ नव्हता. राज्य कोणी चालवावं आणि राज्य असावं की नसावं हे दोन प्रश्न त्यांनी नीट वेगळे ठेवले.

मतदारयादीचा वाद तिथेही झालाच. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत हवं होतं. ते नाकारलं गेलं. जो तिथे राहतो त्याचंच मत, हा नियम ठरला. मला तो नियम बरोबर वाटतो, जरी आजोबांसारख्या माणसाला परभणीबद्दल काय वाटायचं हे मी जवळून पाहिलं आहे. गावाबद्दलची माया खरी असते. पण निकालाचे परिणाम उद्या सकाळी दूध आणायला त्याच गल्लीत उतरणाऱ्याला भोगायचे असतात.

बेळगावच्या सीमावादात आपण म्हणतो, खेडं हा घटक धरा. मीही म्हणते. मात्र गोव्याच्या कौलात पेडण्याचा कल विलीनीकरणाकडे होता आणि साष्टीने विरोधात भरभरून मतं टाकली. खेडं हा घटक तिथे लावला असता तर गोव्याचे तुकडे झाले असते. ते आपल्याला चाललं असतं का, या प्रश्नाचं उत्तर आपण बेळगावच्या मोर्च्याला जाण्यापूर्वी स्वतःला दिलेलं बरं.

तेलंगणाचं दुखणं घटकाचं होतं, तसंच ‘जैसे थे’चंही. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने सांगितलं होतं की तेलंगण सध्या वेगळं ठेवावं. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन तृतीयांश मतांनी कौल दिला तरच आंध्राशी जोडावं. म्हणजे जैसे थे वेगळेपण, आणि एकीकरण करायचं तर दोन तृतीयांशांची चढण. १ नोव्हेंबर १९५६ ला ती चढण न चढताच एकीकरण झालं. त्या एका दिवसात ‘जैसे थे’ पालटलं. यापुढे वेगळं व्हायचं तर तुम्ही सिद्ध करा, असं ओझं तेलंगणावर आलं. १९६९ मध्ये पोरं रस्त्यावर मेली. १९७१ मध्ये तेलंगण प्रजा समितीने तेलंगणातल्या लोकसभेच्या १४ पैकी १० जागा जिंकल्या. याहून मोठ्याने मतपेटीतून काय बोलायचं? काही झालं नाही. आणि विधानसभेत विचारायचं म्हटलं तर २९४ आमदारांत तेलंगणाचे ११९. ज्याच्यापासून वेगळं व्हायचं त्याच्याच परवानगीने व्हायचं. ३० जानेवारी २०१४ ला विधानसभेने आवाजी मतदानाने विधेयक फेटाळलं ते अपेक्षितच होतं. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार विधानसभेने फक्त मत कळवायचं असतं, निर्णय संसदेचा, तोही साध्या बहुमताने. म्हणून तेलंगण झालं.

ही दोन्ही टोकं मला सारखीच टोचतात. जोडताना सांगितलेली अट मोडली, तोडताना विधानसभेचा नकार ओलांडला, आणि दोन्ही वेळा दिलसुखनगरच्या रस्त्यावरचा माणूस बघ्या राहिला.

स्कॉटलंडमध्ये १ मार्च १९७९ च्या सार्वमतात स्वतःच्या विधिमंडळाच्या बाजूने ५१.६ टक्के मतं पडली. तरी मागणी फेटाळली गेली, कारण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हणायला हवं अशी अट आधी घातली होती आणि ‘हो’ म्हणणारे भरले ३२.९ टक्के. घरी बसलेला प्रत्येक जण विरोधात धरला गेला. २०१४ मध्ये, तेलंगण जन्मलं त्याच वर्षी, स्वातंत्र्याचा प्रश्न विचारताना त्यांनी अशी अट ठेवली नाही. साधं बहुमत, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना मत, सोळा वर्षांच्या मुलांनाही. स्वातंत्र्यवाले हरले, पण नियम वाकडे होते असं त्यांना म्हणता आलं नाही. मोठ्या निर्णयाला वरचढ बहुमत मागायला माझी हरकत नाही. मात्र जोडायला जी उंची, तोडायलाही तीच असावी आणि ती प्रश्न विचारण्यापूर्वी सांगितलेली असावी.

भारतात राज्याला स्वतंत्र देश होण्याचा मार्ग नाही, घटनेत सार्वमताची सोयही नाही. म्हणून हे प्रश्न आपले नाहीत असं मात्र नाही. कारण यादीचा प्रश्न आमच्या गल्लीत आलाच. राज्य झाल्यावर त्याच वर्षी नव्या सरकारने विद्यार्थ्यांच्या फीसाठी योजना काढली आणि अट घातली की कुटुंब १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीपासून तेलंगणात असावं. पुढे ती मागे घ्यावी लागली. पण त्या काही महिन्यांत इथल्या वसतिगृहांतून आणि बिऱ्हाडांतून आजोबांचे दाखले शोधण्याची धावपळ मी पाहिली. मुल्की म्हणजे या भूमीचा, गैरमुल्की म्हणजे बाहेरचा, हा निजामाच्या काळातला शब्द पुन्हा कानावर पडू लागला. माझ्या आजोबांची उस्मानियाची सनद पेटीत होती, म्हणून आम्ही परभणीचे असूनही तेलंगणाचे. शेजारणीचा मुलगा मलकपेटच्या दवाखान्यात जन्मलेला, दिलसुखनगरच्या शाळेत शिकलेला, आणि तो बाहेरचा. भूमिपुत्राचं दुःख मला कळतं. नोकऱ्या आणि पाणी हातचं गेल्याची तेलंगणाची तक्रार खोटी नव्हती. तरी एखादी तारीख गोठवून माणसांची चाळण लावायची म्हटलं की माझा जीव घाबरा होतो.

फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर हेच चाललं आहे. तिथे जुन्या रहिवाशांपुरती यादी गोठवून स्वातंत्र्यावर २०१८, २०२० आणि २०२१ अशी तीन सार्वमतं झाली. तिसऱ्यावर मूळच्या कनाक लोकांनी बहिष्कार टाकला. २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकीची यादी नव्या रहिवाशांना खुली करायचं ठरताच दंगली पेटल्या, माणसं मेली. कनाकांची भीती मी समजू शकते. परदेशी सत्तेने माणसं आणून वसवली आणि मग बहुमत विचारलं, तर तो प्रश्नच लबाड आहे. पण गुंटूरहून बदलीने आलेली बाई म्हणजे वसाहत नव्हे. किती वर्षं राहिल्यावर माणूस तिथला होतो? पाच, दहा? मुल्की नियमात पंधरा होती. आकडा कोणताही घ्या, मात्र तो असा असावा की नव्याने आलेला माणूस राहून राहून एक दिवस ओलांडू शकेल. १९५६ ची तारीख कितीही राहिलं तरी ओलांडता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेच्या निवडणुकीआधी मतदारयादीवाली बाई आमच्या इमारतीत आली. हातात फोटोंची छापील यादी, पेनाने एकेका नावापुढे खूण. शेजारणीच्या दारात उभी राहून तिने विचारलं ते एवढंच की इथेच राहता ना, घरात कुणी अठरा वर्षांचं झालं का, कुणी वारलं का. मग माझ्या दारात तेच. मी यादी हातात घेऊन पाहिली. घरांच्या क्रमाने नावं होती, म्हणून तिचं नाव आधी आणि तिच्याखाली माझं. मतदानाच्या सकाळी आम्ही दोघी बरोबरच निघालो. शाळेच्या वऱ्हांड्यात रांग होती, आणि तिच्या बोटाला शाई लागत असताना टेबलावरच्या माणसाने पुढचा क्रमांक पुकारला.