चामखीळ, चिलखत आणि दातांतली फट

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’वर गप्पा चालल्या असताना परवा कुणीतरी म्हणालं, ‘‘मिलरच्या नाकावरची केसाळ चामखीळ सांगितली, की माणूस सांगून झाला.’’ तेव्हापासून हे वाक्य मला छळतं आहे. ती चामखीळ काय मिलरने मागून घेतली होती?

सुमारे १३८७च्या या काव्याचा उपोद्घात म्हणजे यात्रेकरूंची चित्रमालिकाच, हे नव्याने सांगायला नको. ती वाचताना मी नेहमी एक भेद धरून चालतो: शरीर मिळतं, कपडे निवडले जातात. मठवासी मंकच्या बाह्यांना देशातली सगळ्यात उंची राखाडी फर लावलेली आहे. तिचा जाब त्याला विचारता येतो. नाकाचा जाब कुणाला विचारायचा?

वॉल्टर क्लाइड करी या अभ्यासकाने १९२६च्या ग्रंथात मध्ययुगीन सामुद्रिक लावून या चेहऱ्यांवरून स्वभाव वाचले. चॉसरच्या काळी ते शास्त्र प्रचारात होतं, हे कबूल. पण त्या वाचनात माणूस जन्मतःच दोषी ठरतो, आणि ते मला मुळीच पटत नाही.

कपड्यांची निवड तरी कितीशी मोकळी होती? १३६३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कुणी कसलं कापड, कसली फर वापरायची याचा कायदाच केला. तो फार टिकला नाही. पण ऐपत आली की माणसं पायरी सोडून नटतात, ही धास्ती त्यात स्पष्ट दिसते. वाइफ ऑफ बाथ तशीच नटते. रविवारी तिच्या डोक्यावरची वस्त्रं दहा पौंड भरतील, म्हणजे साडेचार किलो! ती कापड विणण्यात ईप्र आणि गेंटच्या विणकरांना मागे टाकणारी. तेव्हा डोक्यावरचा हा भार म्हणजे तिच्या हातच्या कसबाची जाहिरातच.

पण हिच्यापाशीच माझा भेद डळमळतो. तिच्या दातांत फट आहे. करी त्या फटीवरून तिचा स्वभाव वाचतात. ती स्वतः मात्र पुढे सांगते, की ही फट मला शोभूनच दिसायची. मिळालेलं शरीर तिने दागिन्यासारखं मिरवलं. उलट नाइटच्या जाड्याभरड्या अंगरख्यावर चिलखताचे डाग आहेत. मोहिमेवरून परतला तो तसाच यात्रेला निघाला. ते डाग त्याने निवडलेले नाहीत. मग मिळालेलं आणि निवडलेलं यांपेक्षा, माणूस ते वागवतो कसं, हेच चॉसर पाहत असावा.

आणि पार्सन? त्याचा चेहरा नाही, झगा नाही. आहे ती हातातली काठी, आणि पावसात, गडगडाटात दूरदूरच्या घरी पायी जाणं. करींच्या सामुद्रिकाला इथे वाचायला काही उरत नाही. माझ्या भेदालाही नाही.