विकणं आणि विकलं जाणं

कलावंत विकला गेला, असं नेमकं कधी म्हणायचं? आपल्या पोरांत हा शब्द फार स्वस्त झालाय. कोणी मोठ्या स्टेजवर गायला, विकला गेला. कोणाचं पुस्तक बड्या प्रकाशकानं काढलं, विकला गेला. कोणी प्रेमाची कविता लिहिली की लगेच, ह्यानं बांधिलकी सोडली. शब्द जड आहे. कुणाच्या अंगावर फेकण्याआधी तो तपासून घेतला पाहिजे. मी तो एका काळ्या अमेरिकन गायकाच्या आयुष्यावर तपासून बघणार आहे. गायकाचं नाव सॅम कुक.

हाच का? कारण ह्या माणसानं सगळं केलं. देवाची गाणी गायली, प्रेमाची गायली, नाचायची गायली, गोऱ्यांच्या महागड्या क्लबात गायली, काळ्यांच्या घामट क्लबात गायली, आणि शेवटी काळ्यांच्या लढ्यानं उचललेलं एक गाणं लिहून गेला. ज्याला सोल म्हणतात, त्या गाण्याचा पाया घालणाऱ्यांतला तो एक. अवघी ३३ वर्षं जगला. 'विकला गेला' म्हणायची जागा त्याच्या आयुष्यात जागोजागी सापडते. म्हणून तपासाला बरा.

आधी विकणं म्हणजे काय ते बघू. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. रोज आठ तास विकतो. त्याशिवाय चूल पेटत नाही. पण आठ तास विकले म्हणून मी विकला गेलो का? नाही. पाळी सुटल्यावर मी कविता लिहितो, युनियनच्या सभेला जातो, मालकाविरुद्ध घोषणा देतो. श्रम विकले, माणूस शिल्लक आहे. अमेरिकेत मात्र १८६५ पर्यंत काळा माणूस स्वतःच विकला जायचा. उभा करून, दात बघून, बोली लावून. बाप एका मालकाला, पोर दुसऱ्याला. विकणं आणि विकलं जाणं ह्यातला फरक त्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

सॅम कुक त्याच लोकांतला. जन्म २२ जानेवारी १९३१, मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल गाव. भोवताली नजर जाईल तिथवर कापूस. हा कापूस आपल्याला अगदीच परका नाही. १८६१ ते १८६५ ह्या त्यांच्या यादवी युद्धात तिथला माल इंग्लंडला जायचा थांबला, आणि इकडं मुंबईतल्या कापूस व्यापाऱ्यांनी पोत्यानं पैसा केला. वेचणाऱ्याच्या बोटांना मात्र तिकडं काय आणि इकडं काय, बोंडाचे ओरखडेच आले.

बाप धर्मोपदेशक. सॅम लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं. दक्षिणेतून असे लाखो काळे लोक उत्तरेच्या शहरांत आले, जसे आपले लोक गावकुसाबाहेरून शहराच्या चाळीत, झोपडपट्टीत आले. सॅम भावंडांबरोबर चर्चमध्ये गायचा. १९५० साली, एकोणिसाव्या वर्षी, तो सोल स्टिरर्स ह्या नामांकित भक्तिगायक मंडळींत मुख्य गायक झाला. देखणा पोरगा, रेशमी आवाज. म्हातारी माणसं रडायची, तरुण पोरी ओरडायच्या.

पण देवाच्या गाण्याला मर्यादा होती. ऐकणारे फक्त काळे, आणि पैसा थोडा. १९५६ साली त्यानं प्रेमाचं एक गाणं रेकॉर्ड केलं, तेही डेल कुक ह्या खोट्या नावानं, कारण चर्चवाल्यांच्या हिशेबी देवाचा आवाज दुनियेच्या गाण्याला देणं पाप होतं. आवाज कुठं लपतो? लोकांनी ओळखलाच. मग १९५७ साली त्यानं उघडपणे रस्ता बदलला, सोल स्टिरर्स सोडले. त्याच वर्षी आलेलं 'यू सेंड मी' हे गाणं काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या, दोन्ही याद्यांत पहिल्या नंबरावर गेलं.

इथं पहिला आरोप उभा राहतो. देवाला सोडून बाजारात गेला. मला हा आरोप पटत नाही. ज्या लोकांच्या लग्नाला गुलामीत कायद्यानं किंमत नव्हती, ज्यांची बायको मालक कधीही दुसऱ्या गावी विकू शकत होता, त्यांच्यातला एक पोरगा उभा राहून सगळ्या देशाला ऐकू जाईल असं प्रेमाचं गाणं म्हणतो, ही लहान गोष्ट नाही. प्रेम करायला मन लागतं, आणि ज्याला आजवर माल समजलं, त्याला मन आहे हे त्या गाण्यानं सांगितलं. आपल्यातल्या कवीनंही प्रेमावर लिहिलं तर लगेच हातातला दगड उचलू नये.

त्या गाण्याच्या मागं अजून एक गोष्ट आहे, ती कामगारानं नीट बघावी. सॅम ज्या रेकॉर्ड कंपनीकडं होता, तिच्या गोऱ्या मालकाशी त्याच गाण्यांच्या वेळी बिनसलं आणि सॅम बाहेर पडला. गाणं नव्या कंपनीकडून निघालं. त्यावर लेखक म्हणून नाव पडलं सॅमच्या भावाचं, एल. सी. कुकचं. गाणं सॅमचंच. पण त्याच्या नावावर ठेवलं असतं तर जुन्या मालकानं त्याच्या हक्काच्या पैशात हात घातला असता. म्हणजे सव्वीस वर्षांच्या ह्या पोराला एक कळलेलं होतं : गाणं गळ्यातून येतं, पण पैसा कागदावरून जातो. कागद कुणाचा, ते आधी बघा.

मग तो कागदाच्याच मागं लागला. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर हा भक्तिगीतांच्या दुनियेतला जुना जाणता माणूस. त्याच्याबरोबर सॅमनं गाण्यांच्या हक्कांची कॅग्ज म्युझिक ही कंपनी चालवली आणि सार रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली. त्या काळात गाणारे काळे पुष्कळ होते, मालकीच्या कागदावर काळा विरळा. सारमध्ये त्यानं जॉनी टेलरला गायला लावलं, बॉबी वोमॅक आणि त्याच्या भावांना आणलं. ह्या भावांचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' १९६४ साली रोलिंग स्टोन्स ह्या गोऱ्या इंग्रज पोरांनी गायलं आणि इंग्लंडात त्यांचं ते पहिलं पहिल्या नंबरचं गाणं ठरलं. ज्यांचं गाणं ते भाऊ नाराज झाले. पण हक्क नोंदलेला होता, म्हणून पैसे त्यांच्याकडं आले. त्याआधी कितीतरी काळ्या गायकांची गाणी गोऱ्यांनी उचलली आणि मूळ गाणाऱ्याला चहापाण्यापुरतं मिळालं.

आता दुसरा आरोप, गोऱ्यांपुढं गायचा. न्यूयॉर्कचा कोपाकबाना हा श्रीमंत गोऱ्यांचा क्लब. १९५८ साली सॅम तिथं गायला आणि पडला. १९६४ साली तयारी करून परत गेला, जिंकला. सूट, टाय, मोजून मापून गाणं. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड त्याच वर्षी बाजारात आली. आणि ह्याच माणसानं जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात काळ्या लोकांपुढं गायलेलं? तिथं आवाज खरखरीत, लोक गाण्यात घुसलेले, गाणारा आणि ऐकणारा ह्यांत फरक उरला नाही. तेही रेकॉर्ड केलं होतं. कंपनीला ते फार रांगडं वाटलं. फीत कपाटात गेली. ती बाहेर निघाली १९८५ साली, बावीस वर्षांनी. तोवर सॅमला जाऊन वीस वर्षं झाली होती.

ह्या दोन रेकॉर्डींवर मी पुष्कळ विचार केला. लोक म्हणतील, कोपाचा सॅम खोटा आणि मायामीचा खरा. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडं त्यानं काम केलं, दाम घेतला. कोपातल्या त्याच गोऱ्यांपुढं त्यानं बॉब डिलनचं प्रश्न विचारणारं गाणंही म्हटलं. खोट दुसरीकडं आहे. कोणता सॅम जगानं ऐकायचा, हे ठरवायचा हक्क सॅमकडं नव्हता. फीत कंपनीची, म्हणून 'नाही' म्हणायचा हक्कही कंपनीचा.

इथं मला माझं उत्तर सापडायला लागलं. मालकी म्हणजे नुसता पैसा नव्हे. मालकी म्हणजे 'नाही' म्हणायची ताकद.

ही ताकद सॅमनं वापरलेली आहे. १९६१ साली मेम्फिस शहरात त्याचा कार्यक्रम होता. सभागृहात काळ्यांना वेगळं बसवणार असं कळलं. सॅम आणि क्लाइड मॅकफॅटर, दोघांनी गायला नकार दिला. पैसा बुडाला. त्याच वर्षी रे चार्ल्सनंही जॉर्जियात ऑगस्टा इथं असाच कार्यक्रम सोडला. म्हणजे जो माणूस कोपात गोऱ्यांपुढं गायला, तोच मेम्फिसमध्ये गोऱ्यांच्या अटीवर गायला तयार नव्हता. कोणापुढं गायला हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या अटीवर गायला, हे विचारा.

पण एकट्याच्या नकाराची ताकद किती? ऑक्टोबर १९६३, लुइझियाना राज्यातलं श्रीव्हपोर्ट. सॅमनं हॉटेलात आधी फोन करून खोल्या ठरवल्या होत्या. दारात काळा चेहरा दिसला आणि खोल्या संपल्या. तो चिडला, ओरडला, हटायला तयार होईना. बायको सांगत होती, हे मारून टाकतील तुला. शेवटी निघाले. पोलिसांनी नंतर पकडलं, शांतता भंग केली म्हणून. गाडी होती, पैसा होता, देशभर नाव होतं. जात नावाची वस्तू आपल्याला माहीत असल्यामुळं ह्यात समजावून सांगायला काही उरत नाही. त्या शहराच्या महापौरानं ह्याबद्दल माफी मागितली २०१९ साली, छपन्न वर्षांनी.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं दीड वर्षाचं पोर घरच्या पोहण्याच्या हौदात बुडून गेलं होतं. बॉब डिलनचं गाणं ऐकून एक गोरा पोरगा हे लिहितो आणि मी लिहीत नाही, ही लाजही मनात होती. ह्या सगळ्यातून 'ए चेंज इज गोना कम' आलं. जानेवारी १९६४ मध्ये रेकॉर्ड झालं. एका माणसाची आख्खी थकान आणि तरी न सुटलेली आशा त्यात आहे. पण ते सुटं गाणं म्हणून काढताना एक कडवं कापलं गेलं, आणि कापलं तेच, ज्यात काळ्याला हटकलं जातं.

११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त मोटेलात सॅमला गोळी लागली. मोटेलच्या व्यवस्थापक बाईनं झाडली. चौकशीत स्वसंरक्षण ठरलं, घरच्यांचा संशय गेला नाही. तो तिथं दुसऱ्या एका बाईबरोबर गेला होता. संत नव्हता तो. आपल्याला संत नकोतच. त्याच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनी ते गाणं बाजारात आलं, एका नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला. पुढं काळ्यांच्या लढ्यानं मागची बाजू पुढं आणली.

आणि कागद? तो ऐका. १९६३ साली ॲलन क्लाइन नावाचा हिशेबात पटाईत माणूस सॅमचा व्यवस्थापक झाला. त्यानं मोठ्या कंपनीकडून सॅमचे थकलेले पैसे काढून दिले, हे खरं. मग सॅमच्या गाण्यांची मालकी ठेवायला नवी कंपनी काढली. नाव दिलं ट्रेसी, सॅमच्या मुलीचं. मालकी क्लाइनची. पुढं ती गाणी क्लाइनच्याच कंपनीकडं राहिली. सार रेकॉर्ड्स सॅमच्या मागं बंद पडली. कागदाच्या मागं आयुष्यभर धावलेल्या माणसाचा कागद शेवटी दुसऱ्याच्या तिजोरीत.

कोणी म्हणेल, मग तो काळा भांडवलदारच व्हायला निघाला होता, हरला तर रडायचं कशाला? ह्या म्हणण्यात दम आहे. सार ही एका-दोघांची कंपनी होती, गाणाऱ्यांची संघटना नव्हती. म्हणून एका गोळीत संपली. एकट्याची मालकी एकट्याच्या आयुष्याएवढीच टिकते. पण म्हणून तो विकला गेला असं मी म्हणणार नाही. त्यानं आवाज विकला, संध्याकाळी विकल्या. नकार विकला नाही. जिथं नकार हातातून गेला तिथं तो काढून घेतला गेला, कागदाच्या बारीक अक्षरात. विकणारा वेगळा आणि लुबाडला गेलेला वेगळा. दोघांना एकच शिवी देऊ नका.

दोस्तांनो, आता आपल्याकडं बघा. जयंतीच्या कार्यक्रमाला आपण गायकाला रात्रभर गायला लावतो. सकाळी हातात शाल आणि नारळ. गाडीभाडं विचारलं तर तोंडं वाकडी करतो, चळवळीसाठी एवढं पण नाही का म्हणून. त्याच्या घरी पोरं आहेत, ढोलकीवाल्याच्या घरी आहेत. उद्या तो कंपनीच्या कागदावर न वाचता सही करतो, त्याचं गाणं, चाल, आवाज कायमचा जातो, आणि आपण कोपऱ्यावर उभं राहून म्हणतो, विकला गेला साला. त्याला 'नाही' म्हणता यावं म्हणून आपण काय केलं होतं? कागद वाचून दाखवणारा एक वकील दिला होता? गाणाऱ्यांची एक संघटना, एक सामायिक फंड? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पहिली वर्गणी माझ्या पगारातून धरा.