गाडी गरम का झाली?

पुणे-सोलापूर महामार्गावर पळसदेवच्या आसपास, ऐन मे महिन्यात जुनी गाडी गरम झाली की निदान बऱ्याचदा एका वाक्यात उरकते: थर्मोस्टॅट काढून टाका. तो काढला की तापमानाचा काटा खाली येतो आणि दोष थर्मोस्टॅटचाच होता असे ठरते. हा निष्कर्ष मला मान्य नाही. यात चूक हाताची नाही, विचाराची आहे, आणि न्यायदर्शनाने ती फार पूर्वी ओळखली आहे. माती वाहून आणणारे गाढव मडक्याच्या आधी हजर असते, तरी नैयायिक त्याला मडक्याचे कारण मानत नाहीत. अन्यथासिद्ध, म्हणजे ज्याच्यावाचूनही कार्य घडू शकते असे, म्हणून बाजूला काढतात. आधी असणे किंवा सोबत असणे एवढ्याने कारण सिद्ध होत नाही.

खरे कारण हुडकायचे तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात: ते असताना बिघाड असतो का, आणि नसताना नसतो का. प्रीमियर पद्मिनी घ्या. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीची ही गाडी. ती सिग्नलला उभी असताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, तर संशय पंख्यावर आणि ढिल्या फॅन बेल्टवर जातो. वेगात वाऱ्याने पंख्याचे काम केलेले असते. उलट उभी असताना ठीक आणि सलग वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोक झालेला असण्याचा संभव मोठा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की बारीक नळ्यांत क्षार धरतो. अशा गाडीचा थर्मोस्टॅट काढला, तर पाणी अडसराशिवाय फिरते आणि काटा काही दिवस खाली राहतो. नळ्या मात्र तशाच बुजलेल्या असतात. दिवेघाटात भरल्या गाडीने ते उघडे पडते. गार इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट उडाल्याची शंका घ्यावी. तिथे नुसते पाणी ओतत राहणे म्हणजे इंजिन उचलायची वेळ जवळ आणणे.

अनुमान न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप इथे आडवा येतो. इंजिनच्या आत पाहता येत नाही, सगळी इंजिने कुणी तपासलेली नाहीत, मग अनुमानाची खात्री कशी? आक्षेप हलका नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी त्याला दिलेले उत्तर मला पटते: शंकेची मर्यादा आपल्याच वागण्यात असते. अनुमान नाकारणाराही तहान लागली की पाणीच शोधतो. उजनीच्या जलाशयातून पळसनाथाचे जुने मंदिर वर आले की धरणातला साठा फार खालावला हे इथे कुणीही मोजमापाशिवाय ओळखतो, आणि ते बरोबर असते. शंका घ्यावी, पण जिथे तपासून ती मिटवता येते तिथे तिला धरून बसू नये.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो: प्रत्येक गोष्टीचे कारण माणसाला कळलेच पाहिजे, हा अहंकार नाही का? काही गोष्टी दैवावर सोडाव्यात. खंडेनवमीला पाने-पक्कड पुजणाऱ्या कारागिराची कृतज्ञता मला खरी वाटते. पण पूजा हे ‘गाडी का तापली’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे, आणि तसा तिचा दावाही नसतो. जे कळू शकते ते न तपासता दैवावर टाकले, तर त्याचा भार मागच्या सीटवर बसलेल्यांवर पडतो. म्हणून तपासणे हाच मला तिथला धर्म वाटतो.

आणि ही तपासणी महागही नाही. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात सोडून गॅसवर ठेवावा. पाणी उकळायला येईपर्यंत त्याची झडप उघडताना डोळ्यांना दिसते. उघडली, तर तो निर्दोष आहे आणि त्याला पुन्हा जागेवर बसवून रेडिएटर खोलायला हवा. गाडी ताब्यात घेताना मालकाने एवढे विचारावेच: काढलेला थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला का?