वर गेलेले कागद

झुडपी जंगल हे नाव ऐकले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीतरी गर्द हिरवे येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मुरमाड माळ येतो. बोरी-बाभळी, पळसाची खुरटी झाडे, चरणारी गुरे, एका कडेला स्मशान आणि दुसऱ्या कडेला जिल्हा परिषदेची शाळा. या जमिनीची नोंद निस्तार पत्रकात असते. गावाने सरकारी पडीक जमीन कशासाठी वापरायची, याची ती यादी. अमुक तुकडा गुरचराईला, अमुक जळाऊ लाकडाला, अमुक प्रेत जाळण्या-पुरण्याला. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, तेव्हा हे कागदही सोबत आले. एका खात्याने त्यात गावाच्या उपयोगाची जमीन वाचली, दुसऱ्याने जंगल. शाळा, कचेऱ्या, घरकुले त्याच जमिनीवर उभी राहिली आणि कागदावरचा 'जंगल' हा शब्द मात्र तसाच राहिला.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा निकाल लावला. पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगले कायद्याने वनच ठरतात, असे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने सांगितले. त्याच निकालात एक वाटही ठेवली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, आणि त्या वनाच्या यादीतून वगळताना पर्यायी वनीकरणाची किंवा वनमूल्य भरण्याची अट नसावी. त्यानंतरच्या वाटपांना मात्र ही सवलत नाही. ती ज्या अधिकाऱ्यांनी केली, त्यांच्यावर काय कारवाई झाली, हे आधी पाहिले जाईल.

हा निकाल देणारे सरन्यायाधीश त्याच्या पंचवीस वर्षे आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सरकारी वकील होते. योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण अपिलाचे काम करणाऱ्या वकिलाची कारकीर्द कशी घडते आणि जंगलातल्या जिल्ह्यांना तिचा काय उपयोग, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी.

गवई अमरावतीचे. पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. १६ मार्च १९८५ रोजी त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि १९८७ पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काम केले. भोसले स्वतः महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. म्हणजे ज्यांच्याकडे शिकायला बसले, ते सरकारची बाजू, पक्षकाराची बाजू आणि न्यायासन अशा तिन्ही जागा पाहून आलेले होते. १९८७ ते १९९० मुंबईत स्वतंत्र वकिली, मग नागपूर खंडपीठ. नागपूर आणि अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांचे ते स्थायी वकील. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता. पुन्हा खासगी वकिली. १७ जानेवारी २००० रोजी नागपूर खंडपीठाचे मुख्य सरकारी वकील आणि अभियोक्ता. १४ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायाधीश.

सरकारकडून खासगीकडे आणि खासगीकडून सरकारकडे अशा या येरझाऱ्यांना आपल्याकडे सहसा चांगले नाव मिळत नाही. 'बाजू बदलली' म्हणजे इमान बदलले, असाच सूर निघतो. अपिलाच्या वकिलीत हा सूर चुकीचा आहे. ज्याने नगरपालिकेच्या वतीने अतिक्रमण काढण्याची बाजू मांडली आहे आणि दुसऱ्या वर्षी त्याच कायद्याखाली एखाद्या घरमालकाची याचिका लढवली आहे, त्याला तो कायदा दोन्ही टोकांनी माहीत असतो. सरकारची फाइल कशी तयार होते, कोणत्या टेबलावर ती अडते आणि शपथपत्रात कोणती ओळ मुद्दाम मोघम ठेवली जाते, हे त्याला फाइल न उघडता कळते.

नागपूरला ही परंपरा जुनी आहे. नागपूर उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले आणि तेव्हाच्या मध्य प्रांतातली चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, अपिलेही तिथेच जात. मोहम्मद हिदायतुल्ला १९३० पासून नागपुरात वकिली करत होते. १९४२ च्या डिसेंबरात ते सरकारी वकील झाले, १९४३ मध्ये महाधिवक्ता आणि १९४६ मध्ये न्यायाधीश. पुढे ते सरन्यायाधीश झाले, १९६९ मध्ये काही आठवडे त्यांनी राष्ट्रपतिपदही सांभाळले. एकाच गावातल्या वकिलीतून माणूस किती जागांवर बसू शकतो, याचे हे उदाहरण.

पण सरकारी खुर्चीला तिच्या मर्यादाही असतात. मार्च २०१६ मध्ये श्रीहरी अणे यांनी राज्याच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला. वेगळ्या विदर्भाबद्दल आणि पाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याबद्दल त्यांनी जाहीरपणे मत मांडले होते. विदर्भाची मागणी त्यांच्या घरात आजोबा लोकनायक बापूजी अणे यांच्यापासूनची. खासगी वकील म्हणून ते हे मत कितीही वेळा बोलू शकत होते. संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदाखालच्या पदावर बसून बोलले, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला. राज्याच्या वतीने बोलणाऱ्याला स्वतःचे बोलणे आवरावे लागते, ही या खुर्चीची किंमत आहे.

सरकारी आणि खासगी या दोन खुर्च्यांखेरीज तिसरीही एक असते आणि जंगलाच्या जिल्ह्यांचे भवितव्य तिथूनच सर्वांत जास्त ठरले. ती म्हणजे न्यायमित्राची, न्यायालयानेच मदतीला नेमलेल्या वकिलाची. १९९५ मध्ये निलगिरीतल्या वृक्षतोडीवरून टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला धरायचा. जमीन कोणाच्याही मालकीची असो, सरकारी दप्तरात ती वन म्हणून नोंदलेली असेल तर केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे दुसरे काही करता येणार नाही. झुडपी जंगलाच्या निकालात तारखेची जी रेघ आहे, ती हीच. या प्रकरणात हरीश साळवे यांनी न्यायमित्र म्हणून दीर्घकाळ काम केले. साळवे नागपूरचे, एन. के. पी. साळवे यांचे चिरंजीव. १९९९ ते २००२ या काळात ते देशाचे महान्यायअभिकर्ता, म्हणजे केंद्र सरकारचे दुसऱ्या क्रमांकाचे विधी अधिकारी होते. त्याआधी आणि त्यानंतर देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या त्यांच्या पक्षकार होत्या, आणि पाकिस्तानात कैद असलेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहताना त्यांनी फक्त एक रुपया घेतला. न्यायमित्राला पक्षकार नसतो. तो ज्यांच्यासाठी बोलतो, त्या माणसांनी त्याला वकीलपत्र दिलेले नसते आणि त्यांतल्या बहुतेकांना तो बोलतो आहे याची कल्पनाही नसते.

अपिलाच्या वकिलीचा खरा अवघड भाग इथे दिसू लागतो. खालच्या कोर्टात साक्षीदार समोर असतो. तो घुटमळतो, रडतो, गोंडी किंवा माडियात बोलतो आणि त्याचे बोलणे दुसरा कोणी मराठीत सांगतो. अपिलात यातले काहीच नसते. असते ते पेपर बुक. साक्षी, पंचनामे, वैद्यकीय दाखला आणि खालच्या कोर्टाचा निकाल, पानांवर क्रमांक टाकून बांधलेले. माणूस गावातच राहतो, वर जातात ते कागद. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. तिथला पक्षकार स्वतःच्या अपिलाच्या सुनावणीला क्वचितच हजर असतो. खाली जे लिहून घ्यायचे राहिले, ते वर कोणालाही दिसत नाही.

देसाईगंजच्या प्रकरणात हे देशाने पाहिले. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी तरुणीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात अशा सुटकेविरुद्ध तेव्हा वर जायचे ते राज्याने. आरोपी राज्याचेच पोलीस होते आणि राज्याच्याच वकिलाला त्यांच्याविरुद्ध उभे राहायचे होते. नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सुटका रद्द केली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. मग १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असे कारण दिले.

कागद तेच, तिन्ही पायऱ्यांवर. वाचणारे वेगळे.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, आणि नागपूरला तो दिसला होता, हे त्यांनी दाखवून दिले. चौघांपैकी कोणीही या खटल्यात वकील नव्हते. धागमवारांनी पुढे आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. तिथे स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे ठरले. पीडितेचे नाव छापण्यालाही तेव्हाच बंदी आली. कायद्याच्या पुस्तकांत ते प्रकरण आजही तिच्या नावानेच ओळखले जाते. इथे ते नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

देसाईगंजच्या निकालाच्या सुमारे एक महिना आधी, १७ ऑगस्ट १९७८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच हॉसकोट प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून एक साधी गोष्ट सांगितली. कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील दिला पाहिजे. त्या कैद्याच्या हाती उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेत पडली नव्हती आणि अपिलाची मुदत केव्हाच टळून गेली होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने या मदतीला यंत्रणा दिली. ज्याच्याकडे प्रत नाही, त्याच्याकडे अपीलही नाही, हे ज्याने तुरुंगातल्या कैद्याचे काम पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

वेळेची किंमत गडचिरोलीने अगदी अलीकडेही मोजली. ७ मार्च २०१७ रोजी तिथल्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह पाच जणांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली जन्मठेप दिली, सहाव्याला दहा वर्षे. अपील नागपूरला गेले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने खटल्याच्या मंजुरीतल्या दोषावरून सर्वांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दुसऱ्याच दिवशी स्थगित केला आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवले. या सहांमधला गडचिरोली जिल्ह्यातला एक आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या सुटकेच्या दोन महिने आधी, कैदेतच मरण पावला होता. त्या खटल्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, साडेपाच वर्षे पडून राहिलेल्या अपिलाचा त्याला काही उपयोग झाला नाही.

म्हणूनच सरकारी वकिलाच्या नेमणुकीकडे केवळ कोणाची सोय म्हणून पाहता कामा नये. सरकारच्या वकिलाचे काम सरकारला जिंकून देण्याचे नाही. चुकीची मंजुरी, अपुरा पंचनामा, भलतीच नोंद दिसली तर ती न्यायालयापुढे स्वतःहून ठेवण्याचे आहे. हे धैर्य त्याच्याकडेच अधिक संभवते, ज्याला खुर्ची गेली तरी उद्या स्वतःचे ऑफिस उघडता येते आणि ज्याने समोरच्या बाजूने उभे राहून तसल्याच कागदाचा फटका खाल्लेला असतो. नागपूरच्या सरकारी वकिलांमध्ये अहेरी, एटापल्ली, सिंदेवाही, मूलच्या बारमधून आलेली, गोंडी जाणणारी, तलाठ्याचे दप्तर हाताळलेली मुले-मुली दिसली पाहिजेत. त्यांना खासगी आणि सरकारी दोन्ही काम करू दिले पाहिजे, आणि सरकारी काम शिकून होईपर्यंत तिथे टिकूही दिले पाहिजे.

कारण झुडपी जंगलाचे कागद आता उलट दिशेने खाली येत आहेत. प्रत्येक जिल्ह्याला प्रस्ताव करायचा आहे. कोणती जमीन कधी, कोणत्या आदेशाने, कोणाला दिली, १९९६ च्या आधी की नंतर, हे गट क्रमांकानुसार लिहायचे आहे. आणखी अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांवर आहे. तीन हेक्टरहून लहान, इतर वनाला न लागून असलेले सुटे तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर व्हायचे आहेत. ज्या शाळेच्या वाटपाचा आदेश जुन्या दप्तरात सापडेल, ती वाचेल. ज्या स्मशानाला आदेशच कधी कोणी काढला नाही, कारण गाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरत आले आहे, तिथे काय, हा प्रश्न आधी तहसीलमध्ये आणि मग नागपूरला जाईल. त्या पेपर बुकातले पहिले पान निस्तार पत्रकाचा उतारा असेल, आणि त्यातला स्मशानाचा रकाना गावाच्या बाजूने वाचणारा कोणीतरी तिथे उभा असावा लागेल.