न फळणारं झाड

वाद्य करायला झाड लागतंच. मग कोणतं झाड घेतलं म्हणजे पाप कमी, असं माझ्या भाच्यानं मला विचारलं. तो बंगळूरला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हातानं गिटारी बनवतो.

गिटारीच्या मानेवर तारांखाली एक पट्टी असते. तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यात धातूचे पडदे ठोकून बसवायचे आणि वर बोटं दाबायची, म्हणून लाकूड टणक हवं. त्यासाठी आबनूस नाहीतर शिसवी वापरत आले. आबनूस फार सावकाश वाढतं. शिसवाच्या सगळ्या जातींच्या परदेशी व्यापारावर जानेवारी २०१७ पासून परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. त्यामुळे काही कारागीर नासपती, प्लम, सफरचंद यांच्या लाकडाकडे बघू लागले. तसं हे नवं नाही. युरोपात नासपतीचं लाकूड काळं रंगवून आबनुसाच्या जागी लावायची जुनी रीत आहे. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा. आबनुसापेक्षा मऊ, लवकर झिजतं, एवढंच.

‘मावशी, बागेतलं झाड म्हातारं झालं, फळ देईना की मालक तसंही ते तोडतोच. ते लाकूड मी घेतलं तर?’

ऐकायला किती बरं वाटतं! पण मला ‘फळ देईना’ हे शब्द टोचले. फळत्या झाडावर कुऱ्हाड चालवू नये, हे आपण सगळ्याच आईकडून शिकलो. ही जीवदया की हिशोब? शास्त्रानं वनस्पतीला एकेंद्रिय जीव म्हटलं, त्यात फळणारं आणि न फळणारं असा भेद केला नाही. भेद आपण केला. परसातला आंबा चार वर्षं मोहरला नाही की घरात म्हणायचे, वांझ आहे, काढून टाका. हाच शब्द आपण बायकांनी दुसऱ्या कुणासाठी ऐकलाय, आणि कुजबुजत वापरलाही जातो. जीवाची किंमत तो देतो काय यावर ठरवायची, तर मग म्हाताऱ्या गाईसाठी पांजरपोळ कशाला काढले आपण?

आपल्या बऱ्याच मंदिरांत षड्लेश्येचं चित्र असतं. सहा भुकेले माणसं, एक जांभळाचं झाड. पहिला मुळापासून तोडायला निघतो, दुसरा मोठी फांदी, असं करत सहावा खाली पडलेली जांभळंच वेचतो. वाद्य करणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याला जांभळं नकोत, खोडच हवं. म्हणजे तो पहिल्याच्या शेजारी उभा. मात्र लेश्या म्हणजे मनाचा रंग. वाऱ्यानं पडलेलं झाड उचलणारा खोड नेऊनही सहाव्याच्या जवळ जातो, असं मला वाटतं. आणि तोडून ठेवलेलं लाकूड घेणारा? तो मधे कुठंतरी. किती मधे, ते त्याच्या मागणीवर आहे. अशा लाकडाला भाव आला, की मालकाला झाड लवकर म्हातारं दिसायला लागेल.

नुसतं फळझाड म्हणून वाद्य निर्दोष होत नाही, हे दक्षिणेतली वीणा बघून कळतं. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. पण तिचे २४ पडदे बसतात ते मधमाश्यांच्या मेणात, कोळशाची पूड कालवून काळ्या केलेल्या. मध, मद्य, मांस यांचा त्याग आपल्या मूलगुणांत पहिला. आपण चमचाभर मधाला हात लावत नाही आणि वीणेच्या सुरावर डोळे मिटतो. (मीही मिटते. ते सोडणार नाही.)

गृहस्थाला हिंसा पूर्ण सुटत नाही, हे धर्मालाही ठाऊक आहे. म्हणून तर संकल्पी हिंसा वेगळी आणि आरंभी, उद्योगी, विरोधी वेगळ्या सांगितल्या. स्वयंपाकघरात रोज आरंभी हिंसा करणाऱ्या आपण कारागिराला कोणत्या तोंडानं बोल लावायचा? पण गरज किती, ते विचारता येतं.

मी भाच्याला दोनच गोष्टी विचारल्या. झाड तुझ्यासाठी तोडलं का? तो म्हणाला, नाही, उटीकडच्या एका बागेतली जुनी फळी आहे, आधीच कापलेली. मग वर पॉलिश कसलं देणार? म्हणाला, लाखेचं. लाख किड्यांपासून मिळते, आणि लाक्षावाणिज्य श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत आहे. हे त्याला माहीतच नव्हतं. आता तो जवसाचं तेल चोळतोय. सुकायला फार दिवस लागतात, अशी त्याची तक्रार आहे. लागू देत, म्हटलं.