पनवेलहून बसून येताना

सकाळी मुंबईला कामाला निघालेली खारघर-बेलापूरची बरीच माणसे आधी पनवेलला जातात, म्हणजे चक्क मुंबईकडे पाठ करून. खारघरहून पनवेल तीन स्थानके मागे. तिथे गाडी रिकामी होते, पुन्हा मुंबईची होते आणि मागे आलेला माणूस आपली जागा न सोडता सीएसएमटीपर्यंत सुमारे ऐंशी मिनिटे बसून जातो. हार्बर मार्गावर सगळ्याच गाड्या धीम्या. घड्याळाच्या हिशेबाने हा निव्वळ तोटा आहे, कारण खारघरलाच चढले तर निदान अर्धा तास वाचेल. तरी लोक पास पनवेलपासूनचा काढतात, घरून लवकर निघतात आणि ‘बसून येतो’ हे थोड्या अभिमानाने सांगतात.

बाहेरच्याला हा खुळेपणा वाटतो. स्वीडनमधल्या काही संशोधकांना वाटला नसता. १९७०च्या दशकात, तेलटंचाईमुळे गाड्यांना गर्दी वाढली असताना, मारियान फ्रांकेनहॉयझर आणि उल्फ लुंडबर्ग यांच्या गटाने स्टॉकहोमला रोज रेल्वेने जाणाऱ्या नोकरदारांचा अभ्यास केला. त्यांच्या लघवीच्या नमुन्यांतले ॲड्रेनलिन मोजले. काहीजण पहिल्या स्थानकावर चढणारे होते, त्यांचा प्रवास ७९ मिनिटांचा. काही मध्येच चढणारे, त्यांचा ४३ मिनिटांचा. जवळजवळ निम्म्या वेळात पोचणाऱ्यांचे शरीर जास्त निवांत असायला हवे होते. प्रत्यक्षात मध्ये चढणाऱ्यांचा ताण जास्त निघाला. पहिल्या स्थानकावरच्या माणसाला रिकामा डबा मिळत होता. कुठे बसायचे, कुणाशेजारी बसायचे, पिशवी कुठे ठेवायची, हे तो ठरवू शकत होता. मध्ये चढणाऱ्याच्या हातात यातले काहीच नव्हते.

खारघरच्या माणसाने हा शोधनिबंध वाचलेला नाही. त्याचे गणित मात्र तेच आहे.

ताणाबद्दल बोलताना आपण बहुधा ओझ्याबद्दल बोलतो. काम फार, गर्दी फार, हप्ते फार. ओझे खरेच असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माणसाला आतून पोखरते ते बरेचदा ओझ्यापेक्षा बेभरवशाचे असणे. पुढे काय होणार ते कळत नाही आणि कळले तरी आपल्याला काही करता येत नाही, अशी अवस्था. गेल्या शंभर वर्षांचे संशोधन पाहिले तर सुई वारंवार इकडेच वळलेली दिसते.

सुरुवात मात्र ओझ्यापासूनच झाली होती. हान्स सेल्ये या मॉन्ट्रियलच्या संशोधकाने १९३६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटेसे टिपण छापले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, काहीही दिले तरी त्यांच्या शरीरात बदल सारखेच होत: अधिवृक्क ग्रंथी सुजत, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आक्रसत, जठरात व्रण पडत. त्याआधी वॉल्टर कॅनन यांनी लढा-किंवा-पळा ही शरीराची तयारी दाखवून दिली होती. धोका दिसताच काही सेकंदांत ॲड्रेनलिन, काही मिनिटांत कॉर्टिसॉल. हृदय जोरात, रक्तात साखर, पचन बंद. वाघ गेला की सगळे पूर्ववत. पण घराच्या हप्त्याचा मेसेज वाघासारखा निघून जात नाही. तो पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. तयारीत राहिलेले शरीर झिजते. या साठत जाणाऱ्या झिजेची कल्पना ब्रूस मॅकएवन यांनी १९९३ मध्ये मांडली. आम्लपित्त, रात्री तीनला उघडणारे डोळे, चाळिशीच्या आत लागलेली रक्तदाबाची गोळी या तक्रारींमागे अनेकदा, इतर कारणांबरोबर, तीही असते.

मग कुणीतरी मोजपट्टी काढणारच. १९६७ मध्ये होम्स आणि राही या दोन अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, घर बदलणे २० आणि नाताळ १२. दिवाळीला किती द्यायचे, हे चकल्या तळणारीला विचारून ठरवावे.

सेल्ये यांच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती नवी मुंबईतल्या महापेच्या टपरीपर्यंत येऊन पोचते. पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते, की सेल्ये यांना तंबाखू उद्योगाकडून पैसे मिळत होते. हृदयविकाराचे खापर सिगारेटऐवजी ताणावर फुटावे, उलट सिगारेट हाच ताणावरचा उतारा ठरावा, ही त्या उद्योगाची सोय होती. आज ऑफिसच्या गेटबाहेर ‘टेन्शन आहे रे’ म्हणत पेटवली जाणारी सिगारेट त्याच सोयीचे फळ आहे. तिने मिळणारा आराम बराचसा आधीच्या सिगारेटची तलफ शमल्याचा असतो.

हातात काहीतरी असणे किती मोलाचे, हे न्यूयॉर्कच्या डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७०च्या सुमारास फार चतुराईने दाखवले. त्यांनी लोकांना कर्कश आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिले आणि सांगितले, की फारच असह्य झाले तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. लोकांनी दाबले नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तेवढाच आवाज ऐकला. नंतर कोडी सोडवायला आणि मुद्रितशोधन करायला बसवले तेव्हा बटण असलेल्यांचे काम सरस झाले. न वापरलेल्या बटणाने एवढा फरक पाडला.

लंडनमध्ये हेच खूप मोठ्या प्रमाणावर दिसले. ‘मोठ्या साहेबाला मोठे टेन्शन, म्हणून त्यालाच अटॅक’ ही आपल्याकडची ठाम समजूत. १९६७ पासून सुमारे १८ हजार ब्रिटिश सरकारी नोकरांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने ती उलटी केली. सर्वांत वरच्या श्रेणीच्या तुलनेत तळाच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-दरवान मंडळींतले मृत्यूचे प्रमाण तिपटीच्या घरात होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक भरून निघेना. पुढच्या टप्प्यात मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना आढळले, की आपल्या कामावर आपले किती चालते, याचा हृदयाशी जवळचा संबंध आहे. साहेबाची चिडचिड सगळ्यांना दिसते. शिपायाचे हृदय कुणाच्या नजरेत नसते.

आता नवी मुंबईकडे पाहू. हे शहरच मुळी दुसऱ्या शहराचा ताण हलका करण्यासाठी जन्मले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. नकाशावर सगळे होते: नोड, सेक्टर, बागा, नोकऱ्या घराजवळ. त्या नकाशाखाली ९५ गावांची जमीन होती, आगरी-कोळ्यांची शेते आणि मिठागरे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

पण गावठाणात कुटुंब वाढले, मुलांची लग्ने झाली, वर मजला चढला, मागे खोली निघाली. या बांधकामांना सरकारी भाषेत नाव मिळाले ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याच्या घोषणा होत राहिल्या, निर्णय निघाले, अटी बदलल्या, मधूनच नोटिसा आल्या. स्वतःच्या बापजाद्यांच्या गावात, स्वतःच्या पैशाने बांधलेल्या घरात राहणारा माणूस दशकानुदशके ‘घर राहील ना?’ या प्रश्नासह झोपतो. त्याला कुणी ताणाचा रुग्ण म्हणत नाही. तो प्रकल्पग्रस्त असतो.

सेक्टरमधल्या फ्लॅटवाल्यांच्या वाट्याला याची सौम्य आवृत्ती आली. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले. अकरा किलोमीटरच्या मार्गावर पहिली गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. दरम्यान ‘मेट्रोजवळ’ म्हणून घेतलेल्या घरांचे कितीतरी हप्ते भरून झाले होते. पाण्याचेही तसेच. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे. त्याच शहराचा भाग समजल्या जाणाऱ्या खारघरचा कारभार मात्र वेगळा, आणि तिथल्या कित्येक सोसायट्यांचा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जातो. टँकर नक्की आठला येणार असेल तर माणूस सातला उठून बादल्या मांडील. ‘येईल’ एवढेच कळले की सकाळ नासते.

या शहरात रात्रभर जागी असणारी दोन ठिकाणे आहेत. एक वाशी-तुर्भ्याचे एपीएमसी मार्केट, दुसरे ऐरोली-महापेतल्या काचेच्या इमारती. मार्केटात मध्यरात्रीनंतर भाजीचे ट्रक लागतात आणि माथाडी पन्नास पन्नास किलोच्या गोणी पाठीवर घेतात. काचेच्या इमारतीत वातानुकूलित हॉल, आरामखुर्ची, कॅब, मोफत कॉफी. ओझेच मोजायचे तर तुलनाच नाही.

पण माथाडींकडे एक गोष्ट आहे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन माथाडी मंडळ भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार यांची सोय करते. काम टोळीने होते, टोळीत मुकादम असतो, गाववाले असतात. आजारी पडलो तर काय, म्हातारपणी काय, या प्रश्नांना कच्ची का होईना उत्तरे आहेत. माथाडीचे जीवन सुखाचे आहे असे कुणी म्हणू नये. गुडघे-कंबर जातात, यंत्रे येत आहेत, कामाच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी नाव बदनाम केले आहे. तरीही ताणाचे व्यवस्थापन या विषयावर महाराष्ट्राने लिहिलेला सर्वांत परिणामकारक मजकूर कोणता, असे विचारले तर या लेखाचे मत त्या कायद्याला आहे. त्यात ताण हा शब्द शोधायची गरज नाही.

काचेच्या इमारतीत उलटे चित्र दिसते. अमेरिकन ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे लॉगइन, दर काही आठवड्यांनी फिरती पाळी, प्रत्येक कॉल किती सेकंदांत संपला याची नोंद, लघवीला उठले तरी पडद्यावर ‘ब्रेक’. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये सांगितले होते, की कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, हे मिश्रण सर्वांत वाईट. रात्रपाळीचे शारीरिक मोल वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. आणि दहा-वीस मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराकडे ना टोळी, ना मंडळ, ना मुकादम. त्याचा मुकादम मोबाइलमध्ये राहतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

मग एकट्या माणसाने काय करायचे? बरेच काही करता येते, आणि त्यातले काही आपल्या दाराशीच आहे. पनवेलहून घाट चढले की लोणावळ्याला कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ साली स्थापले आणि प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. २००१ मध्ये इटलीच्या लुचानो बर्नार्डी यांना दिसले, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की ‘ॐ मणि पद्मे हुम्’, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय-रक्तदाबाची लय सुधारते. लोकलमध्ये टाळ कुटणाऱ्या भजनी मंडळाला हे सांगण्याची गरज नाही. त्याच डब्यात झोपू पाहणाऱ्याचे मत वेगळे असू शकते.

विचारांच्या बाजूने ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठी घरांत पोचवली. तिचा गाभा साधा आहे: इच्छा आणि हट्ट वेगळे करा. ‘गाडी वेळेवर यावी’ ही इच्छा. ‘गाडी वेळेवर आलीच पाहिजे, नाहीतर माझा दिवस संपला’ हा हट्ट. गाडी दोन्हीकडे तेवढीच उशिरा येते, फलाटावरचा माणूस मात्र वेगवेगळा तापतो. झोपेची वेळ सांभाळणे, रोज चालणे, एखाद्याशी मोकळे बोलणे यांचा उपयोगही पुराव्यानिशी सिद्ध आहे. आणि जेव्हा दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप-भूक उडते, जगणे नकोसे वाटू लागते, तेव्हा तो नुसता ताण राहिलेला नसतो. निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले आणि त्यांतले बहुतेक उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीतही.

मात्र हे सगळे कंपनीच्या हातात गेले की त्याचा सोयीस्कर वापर होतो. शुक्रवारी हॉलमध्ये चटया अंथरून ध्यानाचे सत्र आणि रविवारी रात्री दहाला पुढच्या आठवड्याची पाळी व्हॉट्सॲपवर. श्वास शिकवणे स्वस्त पडते, पाळी वेळेवर कळवणे महाग.

फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे त्याच धर्तीचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या अखेरीस लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे अशा विधेयकाकडून फार आशा धरता येत नाही. मात्र पाळीचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावायला, अदलाबदल करायची तर दोघांनी आपसात ठरवून कळवले तरी चालेल असे म्हणायला, किंवा टँकर किती वाजता येईल ते आदल्या रात्री सोसायटीच्या फळ्यावर लिहायला कुठल्याच संसदेची परवानगी लागत नाही. टीम लीडर आणि सोसायटीचा सेक्रेटरी, दोघांनाही हे उद्यापासून करता येईल.